शैलाकाकूंच्या खिळ्यावरची किल्ली

मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

सदाशिव पेठेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये शैलाकाकू एकट्या राहतात. वय बहात्तर. पुढच्या महिन्यात पोर्तुगालला निघाल्यात. लेकाकडे नाही हं! तिथे काकू धरून देशोदेशीचे आठ-दहा जण मिळून छोटी वसाहत उभारताहेत. घरं स्वतंत्र, स्वयंपाकघर एक. बांधून होईपर्यंत सगळे जवळच भाड्याने राहणार.

आज त्यांच्या व्हिडिओ कॉलला मीही बसले होते. घरांच्या जादा किल्ल्या कुठे ठेवायच्या, यावर चर्चा चालली होती. कोणी म्हणे तिजोरीत, कोणी म्हणे ऑफिसात. काकू फटकन इंग्रजीत म्हणाल्या, "मग शेजारी कशाला असतो?"

मग एक डच आजोबा हळूच म्हणाले, "माझी किल्ली आजवर कुणाकडेच नव्हती. तुम्ही ठेवाल?"

"ठेवीन. पण सकाळी तुमचं दार उघडलं नाही, तर विचारत बसणार नाही. सरळ आत येईन."

आजोबांचा चेहरा असा काही खुलला! अजून पायाही खणलेला नाही, आणि शेजार झालासुद्धा. मी थक्क.

कॉल संपल्यावर काकूंनी खिळ्यावरची माझ्या घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "आता दुसरं कुणीतरी बघ."

तेव्हापासून आमच्या मजल्यावरची दारं मोजतेय. तुमची किल्ली कुणाकडे असते हो?