एकोणीस नंबरपर्यंतची हजेरी

आमच्या घरात एक जाड फाईल आहे. पप्पांनी तिच्यावर मार्करने 'चिंता' असं लिहिलंय. न्यायाला उशीर होतो म्हणून वरच्या कोर्टांनी जेवढ्या वेळा चिंता व्यक्त केली, तेवढी पेपरातली कात्रणं तिच्यात आहेत. तीव्र चिंता वेगळ्या कप्प्यात. नाराजी, खडे बोल, ताशेरे यांचेही कप्पे आहेत. पप्पा सातपूरला कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, त्यांना प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते. एवढ्या मोठ्या माणसांना एवढी काळजी लागलीय म्हटल्यावर आपलं काम होणारच, असं त्यांचं ठाम मत. मी एकदा म्हटलं, "पप्पा, त्यांची चिंता बघून मला आता त्यांचीच काळजी वाटायला लागलीय." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

काम आईचं होतं. पंचवटीतल्या एका खासगी शाळेत ती चौथीला शिकवायची. मी तेव्हा सातवीत होते. संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाईंचं डी.एड. झालं आणि शाळेत जागा नव्हती. मग जागा करण्यात आली. आई विनापरवानगी गैरहजर राहते असा ठपका ठेवून तिला काढून टाकलं. ही गैरहजर बाई त्या वेळी वर्गात उभी राहून हजेरी घेत होती! त्यांच्याकडे नंबरानेच हजेरी घ्यायची पद्धत. एकोणीस झाला आणि शिपाईकाका पाकीट घेऊन दारात आले. विसाव्या नंबरची मुलगी "हजर बाई" म्हणायला उठून उभी राहिलेली. आईने पाकीट फोडलं, वाचलं, पर्स उचलली आणि निघाली. ती पोर तशीच उभी होती, एवढंच ती सांगते. बाकी अपमान वगैरे आपण विसरलो म्हणते. साफ खोटं बोलते.

शाळांच्या न्यायाधिकरणाने दोन वर्षांत निकाल दिला. ठपका खोटा, बाईंना परत घ्या. आम्हाला वाटलं, संपलं. काय भाबडी माणसं आम्ही! संस्था हायकोर्टात गेली, निकालाला स्थगिती आणली, आणि मग खरी शाळा सुरू झाली. आमची.

त्या दिवशी चालणाऱ्या केसेसच्या यादीला बोर्ड म्हणतात, हे आम्ही पहिल्यांदा शिकलो. "उद्या बोर्डावर आहे," असा वकीलसाहेबांचा फोन आला की पप्पा रजा टाकून पहाटेच्या गाडीने मुंबई गाठायचे. आमचा नंबर ऐंशीच्या पुढे, कोर्ट उठायचं तिसाच्या आसपास. "बोर्डावर आलं होतं, पण पोहोचलं नाही," असं वकीलसाहेब सांगायचे, जणू आमची केस कसारा घाटात अडकली होती. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, दिवाळीत सुट्टी, नाताळात सुट्टी. मी चिडले की आई म्हणायची, "असू दे गं, आम्हालाही असते सुट्टी." आम्हाला! काढून टाकून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आई कामावर यायला तयार आहे याचा कागद असावा, म्हणून वकीलसाहेबांनी एक काम लावून दिलं. दर जूनला शाळा उघडते त्या दिवशी शाळेत जायचं, 'मी हजर होण्यास तयार आहे' असा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. आई आदल्या दिवशी साडीला इस्त्री करायची, पर्समध्ये लाल पेन टाकायची. कॉलेजात गेल्यापासून मीच तिला स्कूटीवर न्यायचे. क्लार्क मान वर न करता शिक्का मारायचा. मुलांची प्रार्थना चालू असायची. आई ती संपेपर्यंत गेटपाशी हात जोडून उभी राहायची आणि मग म्हणायची, "चल." मला त्या शाळेच्या काचा फोडाव्याशा वाटायच्या.

एकदा पेपरात बातमी आली: काढून टाकलेल्या शिक्षिकेला परत घ्या, हायकोर्टाचा आदेश, संस्थेला दणका. नाव नव्हतं. पप्पांनी पुढचं वाचलंच नाही. रविवार होता, विहारात वंदना संपली आणि यांनी उभं राहून बातमी वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. पेढे वाटले. "जयभीम ताई, जिंकलात की!" म्हणत बायका आईच्या गळ्यात पडल्या. संध्याकाळी वकीलसाहेबांना फोन लावला तर ती शिक्षिका विदर्भातली निघाली. पप्पा घराबाहेर पडेनात. आईने उरलेला पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "जाऊ द्या हो. तिचं तरी झालं ना."

आमची केस शेवटी ऐकली गेली. मग निकाल राखून ठेवला, उशिरा येणाऱ्यासाठी भाजी झाकून ठेवतात तसा. तेवढ्यात आईला अठ्ठावन्न पूर्ण झाली. निवृत्तीचं वय. तीन महिन्यांनी निकाल आला: बाईंना सेवेत घ्यावं. निकालात विलंबाबद्दल चिंताही होती, तीव्र. वकीलसाहेब खूश. "हा निकाल आता दुसऱ्या शिक्षकांना फार उपयोगी पडेल बघा," म्हणाले. मी विहारात सांगितलं तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "नीट वाचलंस ना या वेळी?" पप्पांनी ते कात्रण कापलंच नाही. कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते त्यांना कळेना.

"आता जाऊन काय करणार?" मी आईला विचारलं.

"हजेरी घेणार," ती म्हणाली. "अर्धी राहिलीय माझी."

सूनबाई आता मुख्याध्यापिका आहेत. उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली. "बाई, तुमच्याबद्दल मला नेहमीच आदर होता," म्हणाल्या. हो का! आदर चौदा वर्षं कपाटात ठेवला होता वाटतं. निकालाची प्रत त्यांनी दोनदा चाळली. "पण बाई, वयाच्या नियमाप्रमाणे... म्हणजे कागदोपत्री सगळं करूच आपण. चहा घेता?"

"चहा नको," आई म्हणाली. "चौथीची हजेरी झाली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी असं पाहिलं त्यांच्याकडे की बाई गुपचूप हजेरीपट मागवायला गेल्या.

मी वर्गाच्या दाराशी थांबले. मुलं उभी राहिली, बसली. आईने चष्मा लावला, लाल पेन काढलं. एकपासून सुरुवात केलीच नाही तिने.

"वीस," ती म्हणाली.

कुणी उठलं नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"वीस नंबर?" आईने पुन्हा विचारलं.

"ती आज नाही आली, बाई," मागून एक मुलगी म्हणाली.

आई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग तिने लाल पेनाने गैरहजेरी मांडली.

"एकवीस," ती म्हणाली.