सारजाबाईचा बिल्ला

“मी कुटं आजारी हाय वो सायेब? दोन भाकरी खाती, वर ताक पिती. चक्कर न्हाय, उलटी न्हाय. तुमच्या मुंबैच्या यंत्रालाच कायतरी झालं आसंल की!”

सारजाबाई डॉक्टरांच्या खोलीत उभी होती. समोर मुंबईहून आलेला सरकारी साहेब. दवाखान्यांतल्या किरणांच्या कामावर देखरेख ठेवायची, हे त्याचं काम. सोलापुरातल्या या कॅन्सरच्या दवाखान्यात रेडियम वापरत, म्हणून तिथं वावरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असे. बिल्ल्यात फिल्मचा तुकडा. महिना सरला की फिल्म मुंबईला जाई, आणि माणसावर किरणं किती पडली ते तिच्या काळेपणावरनं तिथं कळे. सारजाबाईची फिल्म या खेपेला तव्यासारखी काळी निघाली होती.

“एवढी किरणं अंगावर पडली असतील, तर तुम्हाला रेडियमच्या खोलीत काम करू देता येत नाही,” साहेब म्हणाला. “आजपासून बंद.”

बाई पेचात पडली. गप्प बसावं तर खोली जाते. खरं सांगावं तर नोकरीच जाते, कारण बिल्ला दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही अशी सक्त ताकीद होती.

बाई मंद्रूपची. नवरा गेला, मूल नव्हतं, भावाच्या घरात भावजय भांडी आपटायची. म्हणून सोलापूर गाठलं आणि आयाची नोकरी धरली. रेडियमच्या खोलीत जायला कोणी धजत नव्हतं, ही गेली. तेव्हापासनं ती राहायची त्या चाळीनं तिला वाळीतच टाकलं म्हणा. नळावर ही आली की घागरी मागं सरकत. “रेडियम आली गं!” म्हणत बाया पोरं ओढून घेत. एका दिवाळीला शेजारी करंज्या दिल्या, त्या संध्याकाळी कुत्र्यापुढं दिसल्या. पुढच्या दिवाळीपासनं हिनं कढई खाली काढलीच नाही.

बोलायला माणसं होती ती त्या खोलीतलीच. पोटात रेडियमच्या नळ्या ठेवलेली बाई तिथं दोन-तीन दिवस एकटी पडून असे. नातलगांना मज्जाव. सारजाबाईनंही झटकन पाणी द्यायचं, झटकन भांडं काढायचं आणि शिशाच्या जाड पडद्याआड जायचं. पण पडद्याआडनं बोलायला बंदी नव्हती. म्हशी, सासवा, जावांची भांडणं, सगळं त्या पडद्यावरनं इकडं-तिकडं व्हायचं.

“लपवू नका मावशी,” साहेब म्हणाला. “जिवाचा प्रश्न आहे.”

बाईनं पदर खोचला आणि सांगून टाकलं.

“अक्कम्मा म्हनून बाई आल्ती. अक्कलकोटाकडची, कानडी. लिंगायताची. त्यांच्यात गळ्यातलं लिंग कधी उतरवायचं न्हाय, त्याची पूजा केल्याबिगार पानी प्यायचं न्हाय. नळ्या ठिवायला न्हेताना नर्सबाईनं डागदागिन्यांसंगं चांदीची डबी बी काढली, लिंगासकट, आन् लेकाच्या हातात दिली. लेक इरुपाक्ष डबी खिशात घालून गेला गावाकडं, बैलांना वैरण न्हाय म्हनून. बाई सुदीवर आली ती गळा चाचपत. पानी नगं, च्या नगं. भिताडाकडं त्वांड.”

“मग?”

“मग काय? व्हट उलले वो तिचे. म्या म्हनलं, अंजब्याड, यव्वा, भिऊ नगं. माझ्यापाशी ह्यो एकच राखनदार हाय. लेक येस्तवर ह्याच्यावर भागव. तिनं लिंगावानी तळहातावर धरला, डोळं मिटलं, आन् मग पानी प्याली. परत मागायचं माझ्यानं झालं न्हाय. लेक आला तवा बिल्ला मिळाला.”

“राखणदार म्हणजे?”

“ह्यो बिल्लाच की. किरनांपासनं राखायला तुमीच दिल्याला न्हाय का?”

साहेबानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. बिल्ला लाव, बिल्ला लाव म्हणून बाईला सगळ्यांनी दटावलं होतं. तो कशाला लावायचा ते सांगायचं राहून गेलं होतं.

“मावशी, बिल्ला राखत नाही. तो नुसता मोजतो. पावसात भांडं ठेवलं तर पाऊस किती पडला ते कळतं, पण भिजणारा भिजतोच.”

बाईनं बिल्ला काढून उलटासुलटा करून पाहिला.

“मग इतकी वर्सं मला राखलं कुनी?”

“त्या पडद्यानं. आणि लांब राहण्यानं.”

“लांब ऱ्हान्यानं?” बाई फसकन हसली. “मग माजी काळजीच नगं, सायेब. आमची आख्खी चाळ मला राखतीया!”



“ती किरणं बिल्ल्यावर पडली, तुमच्या अंगावर नाही,” साहेब म्हणाला, “म्हणजे खोली बंद करायचं कारण उरलं नाही. रक्त तेवढं तपासून घ्या. पण बिल्ला पुन्हा कुणाला दिलात, तर नोकरी जाईल. आणि आता भीती वाटत असेल तर सांगा, धोबीखान्यात बदली करतील.”

डॉक्टरांनी मान डोलावली.

सारजाबाईनं धोबीखाना डोळ्यापुढं आणला. चादरी बडवणाऱ्या बाया, त्यांचा कालवा, आणि ही गेली की मध्ये पडणारी मोकळी जागा.

“नगं,” ती म्हणाली. “तितल्या बाया माज्याजवळ बसायच्या न्हाईत. हितलीला उठून लांब बसता येत न्हाय.”

दारापर्यंत जाऊन ती वळली. “सायेब, ती अक्कम्मा बरी झाली का न्हाय, त्ये दिसतं का वो तुमच्या फिलमीत?”

“नाही मावशी. ते नाही दिसत.”

तेवढ्यात आतली घंटी वाजली. वैरागची बजाबाई कालपासनं नळ्या घेऊन पडली होती. सारजाबाईनं बिल्ला पुन्हा छातीशी टाचला, तांब्या भरला, आत गेली. झटकन पाणी पाजलं, उशी सारखी केली आणि पडद्यामागं आली. एरवी ती अर्धी पडद्याबाहेरच उभी राहायची, बोलताना तोंड दिसावं म्हणून. आज पुरती आत सरकली. पलीकडनं बजाबाईचा नुसता खोकला ऐकू आला.

“हं, बजाबाई,” सारजाबाई शिशाकडं तोंड करून म्हणाली, “बोल की. म्हस कुनाच्या दारात बांधलीया म्हनलीस?”