ओल्या केसांची भाजीवाली

बाळांनो, टीव्हीतल्या माणसासाठी कुणी खरंच रडतं का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. तेव्हा मी दमले होते, आज लिहिते.

लातूरला आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली एका सकाळी ओल्या केसांनी, भाजीचं पोतं न सोडताच बसली होती. "घरात कुणी गेलं का?" मी विचारलं.

"भाऊ गेला, बाई. टीव्हीवरल्या शिरेलीतला. बातमी आली तसं डोक्यावरून पाणी घेतलं."

शेजारचा केळीवाला हसला. "मावशे, तेराव्याला जेवायला बोलाव गं!"

ती चिडली नाही. पोत्याची गाठ चाचपत म्हणाली, "मह्या सख्ख्या भावानं शेताची वाटणी झाल्यापून तोंड दावलं न्हाई. ह्यो दर पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला यायचा. मी बी ठेवणीतलं लुगडं नेसून टीव्हीम्होरं बसायची. आता कोण येतंय?"

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात. दुपारी मी पिठलं-भाकरी नेली. तिने एकदा केळीवाल्याकडे पाहिलं आणि जेवली.

ती मालिका आता लागत नाही. पंचमीला ती अजूनही ठेवणीतलं लुगडं नेसून भाजी विकते.