बकुळीच्या वळणावरचा चढ

दुपार कलू लागली की तापलेल्या चिऱ्यांवर पडलेल्या बकुळीच्या फुलांना एक निराळाच गंध येतो. थोडा मधाचा, थोडा मातीचा. आमच्याकडे बकुळीला ओवळ म्हणतात. गावच्या करमणूक मंडळाच्या चढावर मी काठी टेकून उभी राहते, तो गंध छातीभर घेते, आणि मन कृतज्ञतेने इतके भरून येते की क्षणभर पुढचे पाऊल टाकायचेही सुचत नाही.

लहानपणीच्या तापाने माझा एक पाय कायमचा लुळा केला. मंडळाची इमारत उंच जोत्यावर, आणि तिच्या पायऱ्या एखाद्या देवळाला शोभाव्यात अशा. वर वाचनालय, कॅरम, पेटी-तबल्याची बैठक! नाटक असले की गावची माणसे मला खुर्चीसकट उचलून वर नेत. किती प्रेमाने नेत! पण उचलणाऱ्यांना सवड असेल तेव्हाच माझी करमणूक, आणि ते घरी निघाले की ती संपलेली. मनात आले म्हणून उठावे, एखादे मासिक चाळावे, कंटाळा आला की परतावे, एवढे साधे सुख मला हवे होते. त्याला काय हट्ट म्हणायचे?

ऐंशीचे दशक नुकते लागले होते. मंडळाने ठरवले, समोरच्या रखरखीत खळ्यात, म्हणजे अंगणात, झाडे लावायची आणि माझ्यासाठी चढ बांधायचा. काम अंगावर घेतले शेजारच्या पास्कूमामाने. सारे आयुष्य मासेमारीत गेलेला हा माणूस. त्याला चढ ठाऊक तो होडी किनाऱ्यावर ओढून घेण्याचा. त्याने तसाच बांधला: सरळ, आखूड, छातीवर येणारा. "घाबरा नको गो बाय, दोर बांदूया, आमी सगळे ओढून घेतलव!" तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. हसावे की रडावे, मला कळेना. आमच्या किनाऱ्याची रीतच ती. होडी वाळूला लागली की हाकेची वाट कोणी पाहत नाही, जो तो धावून हात लावतो. पण मी काय होडी होते?

"मामा, माका एकटीनच चढाक व्हया," मी म्हणाले.

मामाला वाईट वाटले, दिसतच होते. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच पहार घेऊन त्याने तो उखडायला घेतला. नवा चढ चांगला लांबलचक झाला, अख्ख्या खळ्याला वळसा घालून सावकाश वर जाणारा. कडेला काथ्याच्या जाड दोराचा कठडा, वळणावर दम खायला चिऱ्यांची बैठक, आणि तिच्याशेजारी बकुळीचे रोप. मग कुणी सुरंगी आणली, कुणी अनंत. पाणी घालायला माणसांची चढाओढ लागली.

झाले सारे, आणि गावचे मानकरी असलेल्या गावकर आबांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले, "ह्या वाटेन जो येयत, तो आपल्या पायान वर जावंदे रे म्हाराजा!" त्यावर "व्हय म्हाराजा!" म्हणणाऱ्यांत गळ्यात क्रूस घातलेल्या पास्कूमामाचा आवाज सर्वांत मोठा! मी निघाले. वळणाआधीच काठी सरकली, तोल गेला. सारी मंडळी एक पाऊल पुढे आली, आणि थांबली. होडीला न सांगता हात लावणारी ती माणसे आपलेच हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती. मी दोर पकडला, सावरले, वर पोहोचले. आणि सगळ्यांसमोर मनसोक्त रडले.

रोपाचे झाड व्हायला वर्षे लागली. यंदा बकुळ पहिल्यांदाच भरभरून फुलली. काल उन्हे उतरताना मी वर दाराशी उभी होते, आणि पास्कूमामा त्याच चढावरून येत होता. आता त्याचे गुडघे धरलेत. बकुळीच्या वळणावर त्याचा पाय अडखळला, आणि माझा हात आपसूक पुढे झाला. मी तो मागे घेतला, पाठीशी घट्ट धरला. मामाने दोराला धरून दम घेतला, वर माझ्याकडे पाहिले, आणि तोंडभर हसला.

"शिकलंस गो बाय!" तो म्हणाला, आणि चिऱ्यांवरची फुले चुकवत, आपल्या पायांनी, सावकाश वर आला.