विरी गेलेलं पीठ

मी महिन्याभराची ज्वारी एकदम दळून आणली. तीही श्रावणात, हवा दमट असताना. वर स्वतःलाच सांगितलं की याला म्हणतात नियोजन.

सुप्याच्या एका कारखान्यात माझं काम माल खरेदीचं. घाऊक घ्यावं, हेलपाटे वाचवावेत, हे अंगात मुरलेलं. गिरणी हायवेच्या पलीकडं, दर आठवड्याला डबा घेऊन कोण जाणार? नट-बोल्ट जसे महिनोनमहिने गुपचूप पडून राहतात, तसं ज्वारीच्या पिठानंही राहावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

एरवी मी खानावळीच्या डब्यावर जगतो. बायको अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका शाळेवर शिक्षिका, त्यामुळे आमचा संसार सुट्टीपुरता. पण वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धूर नको, शेक नको, वाकणं नको. वडील श्रीगोंद्याकडं मळ्यात एकटेच राहतात, भाकरीही स्वतःच थापतात. म्हणजे धूर, शेक आणि वाकणं, तिन्ही चुलीपुढं बसून एका जागी मिळण्याची सोय. म्हणून मी त्यांना माझ्या खोलीवर आणलं. खानावळीच्या मऊ चपात्या दोन वेळा खाऊन ते म्हणाले, भाकर मिळत आसंल तर ऱ्हातो, न्हाईतर एसटी हायच.

मी डबा बंद केला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून कामाला लागलो. सुरुवातीच्या भाकरी जाड होत्या, पण भाकरी होत्या. सोबत पिठलं किंवा शेंगदाण्याची चटणी. वडील हिरव्या चष्म्याआडून बघायचे आणि खायचे. मला वाटलं, जिंकलो.

मग भाकरी चिरायला लागली. थापताना कड फाटायची, उचलताना मधोमध तुटायची, तव्यावर जे पडायचं त्याला तुकडे म्हणणंच बरं. मी तवा बदलला. गॅस कमी केला, मोठा केला. पाण्याला दोष दिला. तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून कांदा-मिरचीची फोडणी देऊन कुस्करा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुस्करा. तिसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, हे तू ठरवून करतोस का?

त्या रविवारी सकाळी बघतो तर त्यांची पिशवी दाराशी. धोतर, टॉवेल, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं भरलेलं. मी विनवण्या केल्या. ते म्हणाले, मग सर बाजूला, मीच थापतो. आणि खरंच परातीकडं निघाले. गॅसच्या शेकापाशी त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं आणि एसटीतही बसू द्यायचं नव्हतं. मी परात हातात घेऊन खोलीभर फिरलो. मग ती तशीच काखेत धरून बायकोला फोन लावला.

सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "अहो, पीठ कधी दळलंय?"

मी सांगितलं. ती हसली, आणि शेजारच्या बाईंना सांगितल्यावर त्याही हसल्या. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, त्याला चिकटपणाच राहत नाही, असं तिनं सांगितलं. पण फेकू नका म्हणाली. तिकडं तांदळाच्या भाकरीला उकड काढतात, तशी काढा. पाण्याला खळखळून उकळी आणा, मीठ घाला, पीठ घाला, झाका, आणि गरम असतानाच मळा.

गरम असतानाच, हे मी जरा जास्तच मनावर घेतलं. तळहात लाल झाले. वडील "वाईच गार पानी लाव की हाताला" म्हणत दारातून सूचना देत होते. पण गोळा मऊ झाला. थापला तर कड फाटली नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग थेट जाळावर धरली, आणि पापुद्रा सुटून ती हळूहळू फुगली. माझ्या हातची, आख्खी. मी ती वडिलांच्या ताटात ठेवली, वर ठेचा. त्यांनी भाकरी मोडली, वाफ जाऊ दिली, खाल्ली. दुसरी मागितली. चांगली झाली असं म्हणाले नाहीत, पण ताटात तुकडाही राहिला नाही.

मी परात घासायला घेतली. बाहेर ओट्यावर त्यांचा मोबाईल वाजला. मळ्याशेजारचे त्यांचे सोबती, कधी येताय म्हणून विचारत असावेत. वडील फोनवर नेहमीच मोठ्यानं बोलतात, त्यामुळे मला कान द्यावा लागला नाही.

"न्हाई, येवढ्यात येनं हुत न्हाई. डोळा झ्याक हाय माजा. ह्याचंच काय खरं न्हाई. पन्नाशीला आलाय, आन एका भाकरीपायी दोनी हात भाजून घेतो. आसल्याला एकटं सोडून यिऊ कसं?"