दोन कुलपांतलं धान

मेच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी पंचनामा झाला. नुकसान पंचवीस हजार दोनशे वीस रुपये. हजर : वनरक्षक, गावचे पोलीस पाटील, पंच म्हणून दोन शेजारी, बहीण आणि मी. हत्ती पहाटेच निघून गेले होते.

मी ब्रह्मपुरीला एका राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. त्या हिवाळ्यात माझ्या मोबाइलवरच्या व्हिडिओत एक गृहस्थ रोज सांगत, की सहा महिन्यांत दुकानं रिकामी होतील आणि माणसं एकमेकांच्या घरातलं धान्य लुटतील. ते कधी हसत नसत, म्हणून मला खरे वाटले. मी कागद घेतला. आम्ही चौघं आणि बहीण, पाच माणसं. माणशी चारशे ग्रॅम तांदूळ, एकशे ऐंशी दिवस : तीनशे साठ किलो. तांदळाला कीड लागते, म्हणून टरफलासकट धानच ठेवायचं. क्विंटलमागे पासष्ट किलो तांदळाचा उतारा धरला, तर चाळीस किलोची चौदा पोती. साखर मिळणार नाही, म्हणून गोडाला वीस किलो वाळली मोहफुलं. उंदरांची तूट एक टक्का. बायकोनं कागद वाचला आणि विचारलं, मीठ कुठे आहे? मीठ राहिलं होतं.

ब्रह्मपुरीत लूट आधी होईल, म्हणून साठा बहिणीकडे ठेवला. तिचं गाव वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. विधवा, एकटी, मातीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीला मी दोन कुलपं लावली आणि चाव्या ब्रह्मपुरीला आणल्या. ती म्हणाली, मीच लुटीन अशी भीती आहे का? मी म्हटलं, तसं नाही, पण पद्धत म्हणून.

मेमध्ये तिकडे हत्तींचा कळप फिरत होता. मोहफुलाचा वास त्यांना लांबून येतो. गावानं आपापली फुलं घाईनं व्यापाऱ्याला विकून टाकली. बुधवारी बहिणीचा फोन आला.

"बाबू, मोहफूल घरात ठेवू नका म्हणून दवंडी झाली. चाव्या घेऊन ये."

हत्ती कुठे आहेत, विचारलं. तीस किलोमीटरवर. दिवसाला पाच चालतात, असं गावात म्हणत होते. म्हणजे मंगळवार. मी रविवारी येतो म्हणालो, दोन दिवस हाताशी ठेवून. हत्ती शुक्रवारी आले. त्या रात्री सगळं गाव शाळेत झोपलं होतं, म्हणून बहीण वाचली. मागची भिंत पूर्ण गेली, छपराची कवेलूही. दोन्ही कुलपं शाबूत होती.

मी सकाळी पोचलो तेव्हा बहीण अंगणात सूप घेऊन मातीतलं धान पाखडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुह्या कागदात हत्तीचं जेवण धरलं होतं का?"

धरलं नव्हतं.

मोजलं तेव्हा पाच पोत्यांचं धान हाती लागलं. नऊ गेली, मोहफुलं सगळी गेली : आठ हजार सातशे वीस रुपये. भिंत आणि कवेलू सोळा हजार पाचशे. वनरक्षकानं विचारलं, धान कोणाचं? पोत्यांवर आमच्या मिलचा शिक्का होता. एक पंच हळूच म्हणाला, बाईचंच म्हणा ना, भाऊ. तुम्ही इथले नाही, चौकशी लागली तर भिंतीच्या सरकारी भरपाईचे पैसेही अडकतील. पाऊस तीन आठवड्यांवर होता आणि बहिणीच्या घराला तीनच भिंती. चोवीस वर्षांत मी एकाचं पोतं दुसऱ्याच्या नावावर लिहिलं नव्हतं. खोटं बोलवेना, आणि खरं बोलून तिचं घर उघडं ठेवायचं, तेही होईना.

बहीण सूप खाली ठेवून आली.

"धान याचं हाय, भिंत माही हाय. भिंतीचं लिहा. धान ज्याले मिळायचं त्याले मिळून गेलं."

वनरक्षकानं वरची रक्कम खोडून सोळा हजार पाचशे लिहिली. आम्ही सह्या केल्या, बहिणीनं अंगठा दिला.

भिंतीसाठी मात्र त्या पैशांची वाट पाहता येत नव्हती. गावात अजून धानाच्या मजुरीवर माणसं येतात. गवंड्यानं आणि त्याच्या बायकोनं अकरा दिवसांत भिंत उभी केली. कवेलू मी वडशाहून आणली. मागच्या खोलीला आता नुसती कडी आहे.

सहा महिने होऊन गेले. दुकानं भरलेली आहेत. ते गृहस्थ आता पुढच्या वर्षाचं सांगतात. मी ऐकतो, पण कागद घेत नाही.

अखेरचा हिशेब असा. गवंड्याला आणि त्याच्या बायकोला मिळून चार पोती धान. कवेलूंच्या दुकानदाराला माझ्याकडून पाच हजार दोनशे. पोळ्याच्या आठवड्यात बहिणीच्या खात्यावर सोळा हजार पाचशे जमा झाले. कवेलूंचे पैसे ती देत होती, मी घेतले नाहीत. उरलेलं एक पोतं तिनं कांडून आणलं आणि त्याचा सव्वीस किलो तांदूळ ब्रह्मपुरीला पाठवला. सोबत एक किलो मीठ होतं.