पाटीलमामांचा पालथा हात

"तब्येत कशी हाय?" एवढ्या एका प्रश्नाने अख्ख्या गावाला पळवून लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. त्यात ते गावचे पोलीस पाटील, म्हणून ते पाटीलमामा. वऱ्हाडाच्या शिवेजवळच्या गोरेगावच्या अलीकडचं त्यांचं गाव. तेव्हा राज्य निजामाचं. गावात चोरी झाली, मारामारी झाली, किंवा एखादा साथीचा रोग शिरला, तर त्याची वर्दी तालुक्याला पोचवायची हे पोलीस पाटलाचं काम. यातल्या चोऱ्यामाऱ्यांत मामांना काडीचा रस नव्हता. बैल चोरीला गेलेला माणूस रडत दारात आला, तर त्याची हकिगत अर्ध्यावर तोडून ते विचारायचे, "डोळे काहून लाल झाले तुझे? कवापासून?" बैल बिचारा बाजूला राहायचा आणि तो माणूस डोळे आल्याच्या संशयावरून ओसरीत वेगळा बसवला जायचा.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे त्यांचा उजवा हात. मोठ्या माणसाच्या पाया पडलं की त्याने डोक्यावर हात ठेवायचा, ही जगाची रीत. मामाही ठेवायचे. पण तो हात डोक्यावर टिकायचा नाही. "औक्षवंत व्हा" म्हणेपर्यंत तो घसरत मानेवर यायचा, उलटा व्हायचा, आणि पालथ्या हाताने मामा ताप पाहून घ्यायचे. माणूस वाकलेला, मान आयती पुढे, सुटका कुठली? परिणाम असा झाला की गावातली माणसं त्यांना लांबूनच रामराम घालू लागली. नव्या सुनांना तर सासवा आधीच बजावून ठेवत, की पाटलाच्या पाया पडायचं ते अंगणातून, उंबऱ्याच्या आत जायचं नाही. मामांना हे कळलं नव्हतं अशातला भाग नाही. ते अंगणात येऊन बसू लागले.

गोरेगावच्या बाजाराला ते न चुकता जायचे, पण आत्याने सांगितलेली एक वस्तू कधी बरोबर आणली असेल तर शपथ. गूळ सांगावा तर मीठ यायचं, मीठ सांगावं तर हात हलवत यायचे, पण दहा गावांची खडानखडा खबर आणायचे. अमक्या गावच्या तेल्याला खोकला झालाय, तमक्या वस्तीवर दोन म्हाताऱ्या अंथरुणाला खिळल्यात, कासाराच्या बांगड्या भरणाऱ्या हाताला पुरळ दिसतंय. आत्या कपाळावर हात मारून म्हणायची, "बाजारातून रोग घेऊन येणारा मानूस आमच्याच नशिबी." मामांना हे बोलणं कौतुकाचं वाटायचं.

आता इतक्या वर्द्या दिल्यावर त्यातल्या काही चुकणारच, असं कुणी म्हणेल. खरं सांगायचं तर बहुतेक चुकायच्याच. एकदा गल्लीतल्या सखूबाईची सून सकाळी उकिरड्याजवळ ओकताना मामांनी पाहिली. पटकीशिवाय, म्हणजे कॉलऱ्याशिवाय, दुसरा विचार त्यांच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं. त्यांनी तडक कोतवालाला तालुक्याला पिटाळलं. तालुक्याचे डॉक्टर, वयस्कर मुसलमान गृहस्थ, भर उन्हात घोड्यावरून आले, सुनेची नाडी पाहिली आणि सखूबाईचं अभिनंदन करून परत गेले. सून पोटुशी असल्याची बातमी सासूच्या आधी सरकारदरबारी पोचल्याचं ते एकच उदाहरण असावं. सखूबाईने पुढे कित्येक महिने मामांशी अबोला धरला.

उंदरांचं तर विचारूच नका. मेलेला उंदीर दिसला की त्याला हात न लावता पाटलाला सांगायचं, असा गावाला दंडक होता. मग मामा काठी घेऊन येणार, उकिडवे बसणार, काठीने उंदीर उलटापालटा करणार. उंदराच्या मानेवर मांजराचे दात दिसले, म्हणजे तो रोगाने मेला नाही असं ठरलं, की त्यांच्या तोंडावर असा काही आनंद पसरायचा, की ज्या घरचं मांजर असेल त्या घरी वाटीभर दूध पोचतं व्हायचं. त्या गावातली मांजरं जेवढी माजलेली होती तेवढी मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत.

मी एकदा हसत हसत आत्याला विचारलं, की मामांना हे वेड लागलं तरी कसं. ती तांदूळ निवडत होती. ती हसली नाही. म्हणाली, मामा लहान असताना त्यांचा काका गावचा पाटील होता. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, गावात शिरला. पहिला माणूस काकाला ठाऊक होता, पण देवीची जत्रा तोंडावर आली होती, म्हणून काकाने तो लपवला. जत्रा थाटात झाली. मग गाव जेव्हा बाहेर पडलं तेव्हा उशीर झाला होता, आणि मामांची आई आणि पाठचा भाऊ कायमचे गावातच राहिले. एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली. त्यानंतर मामांचा हात मानेवर आला तरी मी मान आखडून घेतली नाही.

तो ताप आमच्या पिढीने पाहिलाच नव्हता, आमच्यासाठी तो नवा रोग. आणि नेमक्या चंद्रीच्या, म्हणजे मामांच्या एकुलत्या लेकीच्या लग्नाच्या वर्षी तो वऱ्हाडाकडून सरकत येतोय असा सांगावा तालुक्याहून आला. काखेत किंवा जांघेत गाठ आणि अंगात ताप असा माणूस दिसला की त्याच दिवशी कळवा, असा हुकूम होता. सरकारी उर्दू कागदात रोगाचं नाव होतं ताऊन. कळवलं की पुढचं ठरलेलं. गाव रिकामं करून रानात राहायचं, बाजार बंद, लग्नं बंद. म्हणूनच गावोगावी पहिला रोगी लपवायची चाल पडली होती. कुणाला तो शेतातल्या कोठ्यावर दडवलेला सापडे, कुणी त्याला पाहुण्यांकडे पाठवून देई आणि रोगालाही पाहुणचार घडे.

मी लग्नाला आठवडाभर आधीच जाऊन राहिले होते. माघाचे दिवस, दारात हिरवा मांडव, कढईत बुंदी. नवरा मुलगा कनेरगावचा, नाक्याजवळ राहणारा, घर खाऊनपिऊन सुखी. चंद्री खुशीत होती. पण हळदीच्या सकाळी तिने मला आतल्या खोलीत ओढलं. तिचा हात पोळत होता. जांघेत गाठ आलीय, म्हणाली, आणि रडायला लागली. मी आत्याला बोलावलं. आत्याने गाठ पाहिली आणि दाराला कडी घातली. मग म्हणाली, "उद्या अक्षदा पडू द्या. ह्यांना कळता कामा न्हाई."

पण हळद लागल्यावर नवरीने बापाच्या पाया पडायचं असतं. ते कसं टाळणार? सगळ्या बायका भोवती, वाजंत्री चाललेली. चंद्री वाकली. मामांचा हात डोक्यावर गेला. जमलेल्या बायका खुदुखुदु हसायला लागल्या, कारण आता हात कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. हात मानेवर गेला, पालथा झाला, आणि तिथेच राहिला. बायकांचं हसू एकेक करून थांबलं. मामांनी लेकीला उठवलं आणि इतक्या हळू विचारलं, की शेजारी उभी असल्यामुळेच मला ऐकू आलं. "गाठ हाय का, बाई?" चंद्रीने होकाराची मान हलवली.

आतल्या खोलीत आत्याने त्यांचे पाय धरले. "लोकाच्या घरच्या वर्द्या देल्या, म्या कवा आडवी आले न्हाई. एक दिस थांबा. लेकराचं लगीन मोडंल, मंग तिला कोन करतंय?"

मामा भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना कधी टेकून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. "माह्या काकानंबी जत्रा होऊ द्या म्हनलं व्हतं," ते म्हणाले.

कोतवाल डॉक्टरांकडे गेला, कनेरगावी माणूस गेला, आणि मामांनी दवंडीवाल्याला बोलावलं. तो बिचारा जुना माणूस, मामांचं मीठ खाल्लेला. त्याच्याने ते शब्द तोंडातून काढवेनात. पहिल्या चौकात त्याने हलगी बडवून, तापाचं नाव न घेता सांगितलं, की गावात जराशी कसर हाय, समद्यांनी रानात निघावं. मामा त्याच्या मागोमाग चालत होते. त्यांनी त्याला थांबवलं आणि कुणाच्या घरात ते सांग म्हणाले. दुसऱ्या चौकात तो म्हणाला, एका मोठ्या घरात कसर हाय. तेव्हा मामांनी त्याच्या हातातली हलगी घेतली, ती त्यांना वाजवता येत नव्हती, वेडीवाकडी वाजवली, आणि स्वतःच ओरडले, "ऐका हो. पाटलाच्या घरात गाठीचा ताप हाय. पाटलाच्या लेकीला हाय. गाव सोडा." हसू यावं असा तो प्रकार होता, पण कुणी हसलं नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

सगळ्यात आधी गाठोडं बांधून निघाली ती सखूबाई. कडेवर नातू, त्याच उकिरड्यावरच्या वर्दीतला. जाता जाता म्हणाली, "सोताच्या लेकीचं सांगितलं पाटलानं. मंग थांबायचं न्हाई." तिन्हीसांजेपर्यंत गाव रानात होतं. तुराट्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. लांब लिंबाखाली एक वेगळी खोप, तिच्यात चंद्री आणि आत्या. आत्याने मला जवळ येऊ दिलं नाही. मामा खोपीच्या बाहेर बसून राहिले. ती रात्र कशी गेली ते मला सांगता येणार नाही.

सकाळी डॉक्टर आले. घोड्यावरून उतरता उतरता त्यांनी नेहमीच्या वैतागाने विचारलं, "पाटील साब, इस बार कौन पेट से है?" मग मामांचा चेहरा पाहिला आणि औषधांची पेटी घाईने सोडवून घेतली. आत गेले. गाठ पाहिली, काख पाहिली, जीभ पाहिली, डोळे पाहिले. बराच वेळ गेला. मग त्यांचं लक्ष चंद्रीच्या पायांकडे गेलं. नवरीचे पाय, तळव्यांना मेंदी थापून वर फडकी गुंडाळलेली. डॉक्टरांनी ती सोडायला लावली. चंद्री पाय मागे घ्यायला लागली. डॉक्टरांनी टाच धरून अंगठ्याने दाबली, तशी ती किंचाळली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मेंदीचा पाला तोडायला ती कुंपणापाशी अनवाणी गेली होती, तेव्हा बाभळीचा काटा टाचेत मोडला. काट्यावर मेंदी थंड असते म्हणून तिने तिथेच रोज नवी जाड मेंदी दाबली, आणि मेंदीच्या रंगात जखम दिसेनाशी झाली. मग टाच ठणकायला लागली. पण नवरी लंगडते ही बातमी कनेरगावला पोचली तर पोरगी लंगडी म्हणून सोयरीक फिसकटेल, या भीतीने ती ओठ चावून सरळ चालत राहिली. टाच पिकली, त्या जखमेपायी जांघेत अवधाणाची गाठ आली, अंगात ताप भरला, आणि काट्याचा गाठीशी काही संबंध असेल हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आईने लेकीचा ताप लपवला आणि लेकीने आईपासून काटा लपवला, असा सगळा मामला.

डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढला, पू वाहून गेला. बाहेर येऊन त्यांनी तो मामांच्या तळहातावर ठेवला. "ताऊन नहीं है, पाटील साब. काँटा है." मामा त्या काट्याकडे बघत राहिले. मग मटकन खाली बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून लहान मुलासारखे रडले. आत्या खोपीतून बाहेर आली, रडत रडत त्यांच्यावर खेकसली, की एका काट्यापायी गाव रानात आणलं, आता ती बुंदी कोण खाणार. त्या दिवशी गावाने रानात बसून ती बुंदी खाल्ली. मीही खाल्ली. एवढा गोड घास मला पुन्हा मिळाला नाही.

राहता राहिलं कनेरगाव. सोयरीक मोडल्याचा निरोप येणार असं सगळे धरून चालले होते, पण दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः छकड्यातून आले. मामांनी हात जोडून काट्याची हकिगत सांगितली. व्याही म्हणाले, "पाटील, पोरीत खोड असंल तर लोक अक्षदा पडेस्तोवर लपवतात. तुमी तर नसलेल्या रोगाची दवंडी देली. तुमच्या घरची पोरगी आमी डोळे झाकून नेऊ." लग्न त्या रानातच लागलं, खोपींच्या मधोमध. चंद्री सगळ्यांसमोर लंगडत लंगडत बोहल्यावर चढली आणि कुणी काही म्हणालं नाही.

गाठीचा ताप त्या वर्षी गावात आलाच नाही. मामा साफ चुकले होते, आणि त्याबद्दल गावाने त्यांची मनसोक्त टिंगल केली. पण काही वर्षांनी तो खरंच आला, तेव्हा एक गोष्ट वेगळी घडली. मामांना कुणाच्या मानेला हात लावावा लागला नाही. एका दुपारी एक शेतकरी आपण होऊन अंगणात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, आमच्या घरात गाठ हाय. वर्दी द्या." तेवढं एक घर सोडलं तर त्या गावाला झळ लागली नाही.

मामा निजामाचं राज्य संपायच्या थोडं आधी गेले, म्हातारपणाने, झोपेत. त्यांच्या स्वतःच्या आजाराची वर्दी द्यायची वेळ त्यांनी कुणावर आणली नाही. दिवस झाल्यावर मी आत्याला भेटायला गेले. अंगणात कुणी बसलेलं नव्हतं, आणि उंबरा ओलांडताना मला उगीचच चुकल्यासारखं झालं. मी आत्याच्या पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला. मग तो हात घसरत माझ्या मानेवर आला, पालथा झाला आणि जरा वेळ तिथेच राहिला.

"ताप न्हाई गं बाई," ती म्हणाली. मी बराच वेळ तशीच वाकून राहिले.